रेषा आणि अक्षर : दिल्लीला गेलेला ‘ण’ आणि घरी राहिलेला ‘ल’

गेल्या शालेय सत्राच्या आरंभी आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात मोठा पेच उभा राहिला. कुटुंब मूळचे सोलापूरचे. नोकरीच्या निमित्ताने गुरुग्रामला येऊन बिऱ्हाड थाटलेले. घरात आई-वडील, आजी आणि तिसरीत शिकणारी मुलगी. एके दिवशी मुलीची हिंदी श्रुतलेखनाची वही घरी आली ती तांबड्या वर्तुळांनी भरलेली. ‘लाल’, ‘लकडी’, ‘पालक’, ‘बादल’ — शब्द सारे बरोबर, काना-मात्रा जागच्या जागी. पण जेथे जेथे ‘ल’ होता तेथे तेथे वर्तुळ. मुलीने वही आजीपुढे धरली आणि विचारले, “आजी, तू शिकवलेला ल चुकीचा आहे का ग?”

आजींनी साठ वर्षे त्याच वळणाने पत्रे लिहिली होती, घरातल्या सगळ्या मुलांकडून पाटीवर तेच अक्षर गिरवून घेतले होते. काय उत्तर द्यावे ते त्यांना सुचेना. मुलीचे वडील म्हणाले, “जाऊ दे ग आई, शाळेत सांगतात तसे लिहू दे तिला. उगाच गुण जातील.” आजी गप्प बसल्या, परंतु त्या रात्री त्यांचे जेवणात लक्ष नव्हते, असे सूनबाईंनी आम्हांस नंतर सांगितले.

या सदरात आपण चित्र, अक्षर, पाटी, बोधचिन्ह आणि अलीकडे संगणकाचा पडदा यांवर दिसणाऱ्या नव्याजुन्या गोष्टींची दखल घेत असतो. एका अक्षराच्या आकृतीवरून एखाद्या घरात एवढा प्रश्न उभा राहावा, याहून अधिक महत्त्वाची वार्ता या महिन्यात आम्हांपाशी नाही. म्हणून प्रथम या ‘ल’चीच हकीकत सांगतो.

देवनागरी लिपी एकच असली तरी तिची छापील वळणे दोन. ज्या काळी अक्षरे शिशाच्या खिळ्यांत ओतली जात, त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील छापखान्यांना खिळे मिळत ते प्रामुख्याने कलकत्त्याच्या बाजूने, आणि महाराष्ट्राला मिळत ते मुंबईहून. मुंबईचे वळण घडविण्यात अमेरिकन मिशनच्या छापखान्याचा आणि तेथील टॉमस ग्रॅहॅम यांचा मोठा वाटा होता. त्याच छापखान्यात अगदी लहान वयात कामाला लागलेले जावजी दादाजी यांनी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा अक्षरांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरचे खिळे इतके सुबक की संस्कृत ग्रंथांची त्यांची छपाई हा आदर्शच होऊन बसला. त्या खिळ्यांचे मूळ ठसे कोरणारे राणू रावजी आरू यांचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. ज्या हाताने आपल्या आज्यापणज्यांना वाचायला अक्षरे दिली, त्या हाताचे नाव शाळेच्या एखाद्या तरी पुस्तकात यावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

असो. ही दोन वळणे शेजारी ठेवली तर फरक पाचसहा अक्षरांतच दिसे. मुंबईचा ‘अ’ तीनच्या आकड्याला दांड्याशी जोडल्यासारखा; कलकत्त्याचा निराळ्या घडणीचा. उत्तरेकडील जुना ‘झ’ हा ‘भ’ला शेपूट लावल्यासारखा दिसे आणि जुना ‘ण’ तर थेट ‘र’ला काना दिल्यासारखा. या शेवटच्या अक्षराने किती वाचकांना चकविले असेल याचा हिशेब नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांतही असाच भेद. मुंबईचा, म्हणजेच मराठीचा, ‘ल’ पाकळ्यांचा : मध्ये आखूड दांडी आणि दोन अंगांना दोन पाकळ्या. हिंदीच्या ‘ल’ला उजव्या हाताला पूर्ण उभा दंड. मराठीचा ‘श’ देठाचा, हिंदीचा गाठीचा.

स्वातंत्र्यानंतर लिपीला एकरूपता आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९५३ च्या नोव्हेंबरात लखनौला मोठी परिषद भरली. ऱ्हस्व इकाराची वेलांटी डावीकडून काढून उजवीकडे द्यावी, अशी तेथील एक सूचना होती. ती लोकांच्या हाताला आणि डोळ्यांना रुचली नाही व काही वर्षांतच मागे पडली. पुढे १९६६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय हिंदी निदेशालयाने मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली आणि तीत एक मोठी मनोरंजक देवघेव झाली. ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ ही तीन अक्षरे मुंबईच्या वळणाची स्वीकारली गेली. ‘ल’ आणि ‘श’ मात्र उत्तरेचेच राहिले. ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ असा वाचला जाऊन ‘खाना’चा ‘रवाना’ होऊ नये, म्हणून त्याचे दोन भाग खालून जोडण्यात आले, तेही याच सुधारणेत.

याचा अर्थ असा की आज दिल्लीत मेट्रोच्या निळ्या मार्गाने प्रवास करणारा माणूस झंडेवालान येथे जो ‘झ’ पाहतो, पुढच्याच रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानकावर जो ‘ण’ पाहतो आणि यमुना ओलांडल्यावर अक्षरधामला जो ‘अ’ पाहतो, ती तिन्ही अक्षरे एके काळी मुंबईच्या ओतशाळांतून निघालेली आहेत. नूतन मराठी विद्यालय ज्या पहाडगंजात आहे, त्याच भागाजवळच्या स्थानकावर आपला ‘ण’ असावा हा योगायोग आम्हांला मोठा गमतीचा वाटला. उलट ‘लाल किला’ या स्थानकाच्या पाटीवर आपला ‘ल’ शोधू जाल तर तो तेथे नाही. तीन भावंडे दिल्लीला गेली आणि नांदली. दोन घरीच राहिली.

घरी राहिली म्हणून ती चुकीची ठरत नाहीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. तीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपे म्हणून नोंदलेली आहेत. आमच्या सुचविण्यावरून त्या मुलीच्या वडिलांनी शाळेतील बाईंना एक चिठ्ठी पाठविली आणि सोबत दोन्ही वळणांचा एक तक्ता जोडला. बाई समंजस निघाल्या. आपण हे लेखनातील घाईचे दोष समजत होतो, असे त्यांनी मोकळेपणाने कळविले. हिंदीच्या वहीत हिंदी ‘ल’ आणि घरच्या पत्रांत मराठी ‘ल’ असा तह झाला. मुलीला तर यात एक नवा खेळच सापडला.

पण गोष्ट येथे संपली नाही. महिनाभराने तीच मुलगी आजींचा मोबाइल घेऊन त्यांच्याकडे धावत गेली. सोलापूरच्या मावशींना आजींनी पाठविलेला निरोप पडद्यावर होता. “आजी, बघ, तूसुद्धा दिल्लीचा ल लिहितेस!” आजींनी चष्मा लावून पाहिले तो खरेच, मोबाइलने त्यांचा ‘ल’ बदलून टाकला होता.

हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. संगणकाच्या पोटात अक्षराची आकृती नसते. असतो तो केवळ एक क्रमांक. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘ल’ला एकच क्रमांक दिलेला आहे, मग तो मराठीचा असो की हिंदीचा. त्या क्रमांकाला रूप देण्याचे काम टंक करतो, म्हणजे संगणकातील अक्षरांचा संच. जुन्या छापखान्यात जुळाऱ्याने कप्प्यातून जो खिळा उचलावा तोच कागदावर उमटे. येथे टंकाच्या कप्प्यात जो ‘ल’ ठेवलेला असेल तोच पडद्यावर उमटतो. आमचा हा लेखदेखील आपण पडद्यावर वाचत असाल, तर आम्ही कोणत्या ‘ल’विषयी बोलत आहोत ते कदाचित आपणांस दिसतही नसेल.

विंडोज प्रणालीबरोबर घराघरांत पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक एका मराठी माणसाने रेखाटलेला आहे. त्यांचे नाव रघुनाथ कृष्ण जोशी, र. कृ. जोशी म्हणून ते ओळखले जात. १९३६ साली जन्मलेले आणि २००८ साली दिवंगत झालेले हे सुलेखनकार, कवी आणि मुंबईच्या आय. आय. टी. मधील शिक्षक भारतीय लिप्यांच्या अभ्यासात आयुष्यभर रमले. परंतु ‘मंगल’ हा साऱ्या देवनागरी भाषांसाठी होता आणि त्यातील नेहमीचा ‘ल’ उत्तरेचा. एका टंकात एका अक्षरासाठी एकच रूप ठेवण्याचे बंधन असते तर हा प्रश्न सुटणारा नव्हता.

सुदैवाने तसे बंधन आज नाही. आजच्या टंकांत एका अक्षराची अनेक रूपे ठेवता येतात आणि ‘मजकूर मराठी आहे’ एवढे पानाने सांगितले की टंक आपण होऊन मराठीचा ‘ल’ व ‘श’ पुढे करतो. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने पानाच्या आरंभी भाषेची खूण म्हणून ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन रोमन अक्षरे लिहिली की झाले. हिंदीसाठी तेथे ‘एच’ आणि ‘आय’ येतात. अट एवढीच की वापरलेल्या टंकात मराठीची रूपे घातलेली हवीत. पुष्कळ ठिकाणी टंक चांगला असतो, परंतु हिंदीचे पान तयार करून त्याचीच प्रत मराठीसाठी घेतलेली असते, आणि भाषेची खूण बदलायची राहून जाते. दोन अक्षरांचे काम. परंतु ते न केल्यामुळे लाखो वाचकांपुढे परके वळण जाते. यात कोणाचा आकस आहे असे आम्ही मानीत नाही. बहुधा काम करणाऱ्याला असे काही वेगळे वळण आहे हेच ठाऊक नसते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने शासकीय संकेतस्थळांच्या रूपासाठी एक नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. रंग, बोधचिन्हांची मांडणी, अक्षरांचे वळण यांत सर्व खात्यांनी एकसूत्रता राखावी, असा तिचा हेतू. त्याच महिन्यात दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. राजधानीत हे संमेलन यापूर्वी भरले ते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. एकसूत्रतेचे स्वागतच आहे. शासकीय पाने आजवर शंभर तऱ्हांची असत आणि नागरिक त्यांत वाट चुकत. मात्र एकसूत्रता करताना प्रत्येक भाषेचे वळण तिच्या तिच्या पानावर जपले जाईल, एवढी काळजी पाने रचणाऱ्यांनी घ्यावी.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत निदान अर्थ बिघडत नाही. मराठीच्या एका ‘र’ने मात्र अर्थाचा अनर्थ होतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अंतर तर विद्यापीठापासून स्वयंपाकघरापर्यंतचे. दिल्ली परिसरातील एका गणेशोत्सवात समारोपाच्या दिवशी ‘आचाऱ्यांचा सत्कार’ ठरला होता. दहा दिवस शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्या माणसांचा तो मान. कार्यक्रमपत्रिका छापून आली तीत ‘आचार्यांचा सत्कार’. दोन निवृत्त प्राध्यापक नवे उपरणे घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसले आणि ज्यांचा सत्कार व्हायचा ते आत पुऱ्या तळीत राहिले! कार्यवाहांनी प्रसंगावधान राखून दोघांनाही नारळ दिले, म्हणून बरे.

हा ‘र’ लिहिण्याची सोय युनिकोडमध्ये आहे; ती कळली की असे प्रसंग टळतात. नेहमीच्या ‘र’ऐवजी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा, त्याला हलन्त द्यावा आणि मग ‘य’ किंवा ‘ह’ लिहावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो. मोबाइलवर बहुधा ‘र’ दाबून धरला की दिसतो. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणु’ हे टंक उपलब्ध करून दिलेले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हेही विनामूल्य मिळतात. त्यांचाच ‘मोदक’ नावाचा टंक आहे. त्यातील अक्षरे उकडीच्या मोदकांसारखी इतकी गुबगुबीत की आतल्या मोकळ्या जागा जेमतेम चिरेएवढ्या उरतात. लग्नपत्रिकेला तो चालणार नाही, पण बारशाच्या पत्रिकेला शोभेल.

अक्षराचा क्रमांक आणि अक्षराचे रूप यांतील हाच घोटाळा एका राष्ट्रीय प्रसंगीही दिसून आला होता. रुपयाच्या चिन्हासाठी अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, त्यांतील पाच अखेरच्या फेरीत राहिल्या आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांतून डी. उदयकुमार यांची आकृती निवडली. ते तेव्हा मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये संशोधन करीत होते आणि त्यांचा विषय होता तमिळ अक्षरांची रचना. तमिळ अक्षरांचा अभ्यासक देवनागरी ‘र’ आणि दांडी काढून टाकलेला रोमन ‘आर’ यांचा एकच आकार करतो आणि तो साऱ्या देशाचे चिन्ह होतो, ही घटना आम्हांला फार हृद्य वाटते. वरची रेघ म्हणजे देवनागरीची शिरोरेषा. तिच्याखाली समांतर दुसरी. या दोन रेघा आणि त्यांमधील मोकळी जागा मिळून तिरंग्याची आठवण व्हावी, ही कल्पना.

चिन्ह जाहीर झाले, परंतु त्याला युनिकोडचा क्रमांक मिळायला ऑक्टोबर २०१० उजाडले. मधल्या काळात उत्साही लोकांना धीर धरवेना. मंगळूरच्या एका लहान संगणक-कंपनीने लगोलग एक टंक तयार केला आणि कळफलकावरील एका क्वचितच लागणाऱ्या कळीवर रुपयाचे चिन्ह बसविले. ज्याच्याकडे तो टंक असेल त्याला रुपया दिसे. ज्याच्याकडे नसेल त्याला त्या जागी एक तिरकी बारीक रेघ दिसे. एखाद्या व्यापाऱ्याने देयक पाठवावे आणि पलीकडे आकड्यामागे निव्वळ रेघ दिसावी, असा तो प्रकार. युनिकोडपूर्वीच्या टंकांत लिहिलेले मराठी मजकूर आज उघडले की जी अगम्य चिन्हे दिसतात, त्यांचेही कारण हेच आहे. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे असे जुने लेख, वंशावळी, आठवणी संगणकात पडून असतील, त्यांनी त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवाव्यात. जुना टंक आणि तो चालविणारा जुना संगणक दोन्ही घरातून गेले की ते लेखन वाचणे फार अवघड होऊन बसते.

२०११ पासून नव्या नाण्यांवर हे चिन्ह आले. तथापि आमच्या मते त्याची खरी परीक्षा नाण्यावर झालीच नाही; ती झाली भाजीवाल्याच्या पाटीवर. खडूने, घाईने, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यावर जे लिहिता येते तेच चिन्ह लोकांचे होते. दिल्लीच्या कोणत्याही आठवडी बाजारात जाऊन पाहा : टोमॅटोच्या राशीत खोचलेल्या पुठ्ठ्यावर दोन रेघा, एक वळण आणि एक तिरका पाय, झाला रुपया. कोणी अजून ‘रु.’ लिहितो, कोणी काहीच लिहीत नाही, पण ज्याने लिहिले त्याला ते कोणी शिकविले नव्हते.

साध्या आकृतीचे असेच एक जुने उदाहरण दिल्लीतलेच आहे आणि ते प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाचे. १९६० नंतरच्या दशकात कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी टोक खाली असलेला लाल त्रिकोण पुढे आला. त्यामागे दीप त्यागी या शासकीय प्रचार-अधिकाऱ्याची कल्पकता होती. ज्या देशात बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते, तेथे शब्दांवाचून ओळखता येईल, कोणत्याही भाषेत नाव घेता येईल आणि खेड्यातला रंगारी एका पट्टीच्या साह्याने भिंतीवर काढू शकेल, असे चिन्ह हवे होते. तीन बाजू आणि एक रंग. आजकालची बोधचिन्हे पाहिली, त्यांतील छटांवर छटा आणि सावल्या पाहिल्या, की त्या त्रिकोणापाशी ती काढणाऱ्यांना नेऊन उभे करावेसे वाटते.

जागा संपत आली. एक लहानशी वार्ता सांगून थांबतो. संकेतस्थळाचे नावही देवनागरीत लिहिता येते हे अद्याप पुष्कळांना ठाऊक नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीत ‘.भारत’ ही देवनागरी सोय सुरू झाली आणि ती हिंदीबरोबर मराठी, कोंकणी, नेपाळी, डोगरी, मैथिली, बोडो व सिंधी यांनाही खुली आहे. मात्र असा देवनागरी पत्ता एखाद्या अर्जात भरू गेले की ‘पत्ता अवैध’ असा शेरा येणे अजून संपलेले नाही. पत्ता चुकीचा नसतो. अर्ज रचणाऱ्याने रोमन अक्षरांपलीकडे विचार केलेला नसतो. असा अनुभव आल्यास निमूटपणे रोमन पत्ता न भरता संबंधितांस तसे लिहून कळवावे. गुरुग्रामच्या त्या वडिलांची एक चिठ्ठी पुरली होती.

वाचकांना एक विनंती. जुना उत्तरी ‘अ’, ‘भ’सारखा ‘झ’ किंवा ‘रा’सारखा ‘ण’ एखाद्या दुकानाच्या, धर्मशाळेच्या वा विहिरीच्या पाटीवर आपल्या गावी अजून शिल्लक असेल, तर गावाचे नाव आणि पाटीवर कोरलेले वर्ष आम्हांस कळवावे. सोबत पाटीचे छायाचित्र असल्यास उत्तम. नसल्यास घरातील मुलांकडून ते अक्षर कागदावर काढून घेऊन पाठविले तरी चालेल.